याला बिझी म्हणायचं का?

हे अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, आईला नाही. देवळात उभी राहते तेव्हाही बाकीचं सगळं बोलते आणि एवढंच गाळते — जसं काही त्याला ठाऊकच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुमची-माझी गाठ पडायची नाही. आणि खरं सांगू का, मी वैतागलेय. लोकांवर वैतागायची मला सवय आहे, तो माझा धंदाच आहे. पण हा वैताग वेगळा. हा मला माझाच येतो, आणि सकाळी दुकानाचं शटर वर करतानाच येतो.

शहापूरला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दाखले, रेशनकार्ड, सातबारा, शाळा-कॉलेजचे प्रवेश, काय म्हणाल ते. सासर सापगावचं, माहेर मुरबाडकडचं. अशा दुकानात तुम्ही कधी बसलायत का? बसून बघा. सर्व्हर बंद असतो. सर्व्हर चालू झाला तर अंगठा लागत नाही. अंगठा लागला तर ओटीपी येत नाही. ओटीपी आला तर तो मुलाच्या फोनवर जातो, मुलगा भिवंडीला गोडाऊनमध्ये कामाला, आणि तो फोन उचलत नाही. मग समोरची बाई माझ्याकडे अशी बघते की तिचा ओटीपी मीच पदरात बांधून ठेवलाय.

आणि फोन. लोक माझ्या हातात फोन देतात — उघडून देतात. लॉकची खूण हवेत बोटाने काढून दाखवतात, पासवर्ड मोठ्याने सांगतात, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. ‘तुमीच बघा ताई, आमाला काय कळतंय त्यातलं.’ आणि जाऊन पंख्याखाली बसतात, नाहीतर चहाला जातात. उंबरमाळीकडून आलेली म्हातारी तर फोन टेबलावर ठेवून बाजार करायला निघून गेली होती एकदा. एवढा विश्वास लोक सख्ख्या भावावर टाकत नाहीत. मला तेव्हा त्याचा रागच यायचा. कशाला टाकता माझ्यावर सगळं?

आता मुद्द्यावर यायला हवं. येते — पण आधी नितीन.

नितीन माझा धाकटा भाऊ. माझ्याहून बराच लहान, कडेवर घेऊन वाढवलेला. ठाण्याला एका कंपनीत कॉम्प्युटरवर होता. ती नोकरी सोडून घरी आला आणि स्वतःची कंपनी काढली. कंपनी म्हणजे काय — नितीन, त्याची बायको सायली, आणि माहेरच्या घराची ओटीलगतची खोली. त्यांनी एक ॲप बनवलं. भातगिरणीवर घरबसल्या नंबर लावायचं.

आमच्याकडे भात कापून, झोडून घरात आलं की भरडायला गिरणीवर झुंबड उडते. तिथे नंबर लावायची रीत जुनी आहे. सकाळी गोण नेऊन रांगेत उभी करायची आणि आपल्या कामाला निघून जायचं. गोण उभी म्हणजे माणूस उभा. कोणी कोणाची गोण मागे सरकवत नाही. सरकवली तर वर्षभर तोंडं फिरलेली असतात. नितीनला वाटलं, गोण कशाला, मोबाइलवर नंबर घ्या, वेळ कळेल, तेव्हाच या. ऐकायला बरं वाटतं की नाही? मलाही वाटलं. ज्या कामाला एक गोण पुरते त्याला इंटरनेट कशाला, हा प्रश्न मला पडला नाही, किंवा पडला असेल आणि मी तो बोलले नाही. पोराचा चेहराच इतका फुललेला होता.

तो म्हणाला, ‘ताई, तुझ्याकडे सगळा तालुका येतो. जरा सांगशील का लोकांना?’

सांगितलं की. सुरुवातीला अगदी नीट सांगितलं. फॉर्म भरून झाला की म्हणायचे, बाबा, हे असं असं ॲप आहे, माझ्या भावाचं आहे, टाकू का तुमच्या फोनमध्ये? मग सुरू. ‘पैशे कापतील का?’ ‘नाय कापत.’ ‘मग ते काय करतं?’ ‘गिरणीचा नंबर लावतं.’ ‘गिरणीला काय झालंय?’ ‘काही झालं नाही हो —’ तोवर मागचा माणूस ओरडतो, सर्व्हर जातो, आणि ज्याला समजावलं तो शेवटी म्हणतो, तुमीच बघा. एका माणसाला पटवायला अख्खा दाखला निघेल एवढा वेळ जायचा. मग एक दिवस मी विचारायचं सोडून दिलं. फोन हातात होताच. ओटीपी येणार तोही त्याच फोनवर. मी ॲप टाकलं, त्याचं नाव-गाव भरलं, नोंदणी केली, फोन परत दिला. त्याने विचारलं, ‘झालं का ताई?’ मी म्हटलं, झालं.

त्याला वाटलं दाखल्याचं विचारलं. मला वाटलं, बघू, पुढे सांगेन.

नंतर कोणालाच सांगितलं नाही. हाताला सवय झाली. दाखला, केवायसी, ॲप. फोनमध्ये जागा नसली तर ‘शुभ सकाळ’चे फुलांचे फोटो उडवायचे, की होते जागा. मी त्यात हुशारी मानायचे, हे लाज सोडून सांगते. ज्यांच्या घरी भातशेती नाही त्यांच्याही फोनमध्ये टाकलं. शहापूरला बदलून आलेल्या, तांदूळ दुकानातून आणणाऱ्या माणसांच्या फोनमध्ये टाकलं. सापगावला पुतणीची हळद होती. तिथे बायकांचे फोन ‘हँग होतात म्हणतेस ना, दे बघू’ करून घेतले आणि मांडवात बसून टाकलं. गाणी चालू होती, कोणाचं लक्ष होतं?

आणि तिकडे मुरबाडला नितीनच्या लॅपटॉपवर ॲप घेणाऱ्यांची रेघ वर चढत होती.

रोज संध्याकाळी त्याचा फोन. आज इतके झाले. काल तितके होते. ताई, याला बिझी म्हणायचं का? हा शब्द त्याने ठाण्याहून आणला होता. ॲप बिझी आहे की नाही, यावर म्हणे सगळं असतं. मी विचारलं, बिझी कशाला म्हणतात? तर ते त्यालाही धड माहीत नव्हतं. कुठे म्हणतात इतके डाउनलोड म्हणजे बिझी, कुठे म्हणतात छोट्या कंपनीला त्याच्या निम्मेही पुरे. मग हा मलाच विचारणार. भाकरी थापताना विचारणार, मुलाचा अभ्यास घेताना विचारणार. अरे, मला काय विचारतोस? मी काय ज्योतिषी आहे? रोज तोच प्रश्न, रोज तीच अजिजी. लहानपणी जत्रेत पाळण्यात बसवायला मागे लागायचा, अगदी तसा. वैताग यायचा हो. आणि मी रोज त्या वैतागातून सुटायला काय करायचे? दुसऱ्या दिवशी आणखी चार फोनमध्ये ॲप टाकायचे. म्हणजे जरा गप्प बसेल. तो गप्प कसला बसतोय — आकडा वाढला की प्रश्न आणखी मोठा व्हायचा.

खरं तर हे मला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं. माझ्या दुकानातला बाक वैशाखात भरलेला असतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ताईंचा धंदा जोरात. त्यातले अर्धे एसटीची वाट बघत पंख्याखाली बसलेले असतात. गर्दी आणि गिऱ्हाईक यांतला फरक ज्या बाईला रोज दिसतो, तिने भावाला काय सांगायला हवं होतं?

सायलीला शंका आली होती. शांत पोरगी आहे, पण डोळ्यांनी पक्की. एका रविवारी, दुकान बंद म्हणून मी माहेरी गेले होते, तेव्हा लॅपटॉप माझ्यापुढे करून म्हणाली, ‘ताई, रविवारी कोणीच का घेत नाय? सोमवारपासून वर, रविवारी एकदम खाली.’ नितीन म्हणाला, रविवारी लोक शेतावर असतात. ती म्हणाली, शेताला काय रविवार असतो? आणि मग हळूच, ‘मागल्या आठवड्यात तुमचं दुकान दोन दिवस बंद होतं ना. तेव्हापण खाली आहे.’

मी काय केलं असेल? चिडले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मारल्या. म्हटलं, तुमच्यासाठी मी गिऱ्हाइकांपुढे तोंड वाजवते, आणि तू माझ्याकडे हिशेब मागतेस? तुझ्या माहेरच्यांनी टाकलं का एकाने तरी? नितीनने तिला गप्प केलं. माझ्यादेखत. ती उठून आत गेली, आणि त्या गणपतीत मी तिच्याशी धड बोललेही नाही. माझं बोलणं बंद, बरं का — चूक माझी आणि रुसवाही माझाच. ती खरं बोलत होती हे त्या खोलीत दोघींना माहीत होतं. तिला नुसता वास आला होता, मला पक्कं ठाऊक होतं.

मग तो दिवस आला.

नितीनला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं. चांगलं होतं, ठाण्याचा जुना साहेब आता तिकडे होता, त्याने स्वतः फोन केला होता. सायलीला जायचं होतं. नितीनचं अडलं होतं ते एवढ्यावरच — ॲप बिझी असेल तर सोडून जायचं नाही, नसेल तर बंद करून जायचं. तो किन्हवलीच्या रस्त्याने मोटरसायकलवर आला, अंगभर धूळ. लॅपटॉप माझ्या टेबलावर उघडला. म्हणाला, ‘ताई, सायली म्हणते नाय. माझं मन म्हणतं हाय. मला आता माझंच कळेना झालंय. तू लोकांत बसतेस. तू सांग, याला बिझी म्हणायचं का नाय? तू म्हणशील ते मी करतो.’

दुकान भरलेलं. सर्व्हर बंद. एका आजोबांचा अंगठा लागत नव्हता, ते तो शर्टाला पुसत होते आणि पुन्हा लावत होते. बाकावरून कोणीतरी माझ्या नावाने हाका मारत होतं. आणि हा समोर बसून रेघ दाखवतोय — मी माझ्या हाताने ओढलेली रेघ. मी म्हटलं, ‘बिझी नाही तर काय? एवढे लोक काय उगाच घेतील? ऊठ आता, मला काम आहे.’

त्याने माझ्या पायाला हात लावला. सगळ्यांसमोर. आणि गेला. पुण्याला त्याने त्याच दिवशी नाही म्हणून कळवलं.

मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले की वैतागात बोलून गेले. सर्व्हर बंद होता, डोकं फिरलं होतं. मग कधीतरी सांगायला लागले की माया होती, त्याचं मन मोडवेना. दोन्ही ऐकायला बरी आहेत. तुम्हीही एव्हाना मनात म्हणाला असाल, अगं, बहीण आहे, असं होतं. तर थांबा. नाही. तसं नव्हतं.

तो समोर बसला होता तेव्हा माझ्या डोक्यात आई-बाबा होते. बाबांचे गुडघे गेलेले, आईला बीपी. नितीन पुण्याला गेला असता तर ते कोणाकडे आले असते? दर आठवड्याला शहापूर-मुरबाड कोणी केलं असतं, दवाखान्यात कोण बसलं असतं, सासूला तोंड कोणी दिलं असतं? मी. माझ्या डोळ्यांपुढे ते सगळं उभं राहिलं — तो रस्ता, त्या गोळ्या, तो सासूचा चेहरा — आणि मी म्हटलं, बिझी. विचार करून म्हटलं. तोंडावर वैताग होता, आत सगळं शांत होतं. त्याला इथे अडकवायचं होतं, माझ्या सोयीसाठी. हे असं आहे. यापेक्षा बरं करून सांगता येत नाही.

दिवाळीनंतर भात आलं. माहेरच्या गावची गिरणी विठ्ठलकाकांची, बाबांचे चुलतभाऊ. नितीनचं ॲप सगळ्यांत आधी त्यांनी घेतलं होतं. गिरणीच्या भिंतीवर फलकही लावला, ‘मोबाइलवर नंबर लावा’. पण लोक आले ते गोणी घेऊनच. रांगेत गोणी उभ्या, आणि मोबाइलवर कोणी नाही. इतक्या फोनमध्ये ॲप होतं, आणि एक माणूस ते उघडत नव्हता. कसा उघडेल? ते आपल्याकडे आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

काकांना वाईट वाटायचं. मग ते काय करायचे — सकाळी चष्मा लावून रांगेतल्या गोणी बघायचे आणि ज्याची गोण त्याचं नाव आपल्या फोनवरून ॲपमध्ये टाकायचे. जाड बोटांनी, चुकत-माकत. नितीनला म्हणाले, ‘लोकांना सवय होवंदे. गोणीला नेटवर्क लागत नाय ना, म्हणून ती आवडते लोकांना.’ आणि हसले. अख्ख्या दोन तालुक्यांत ते ॲप खरोखर वापरणारा तो एक माणूस होता.

नितीनने यादीतल्या लोकांना फोन करायला सुरुवात केली. समोरून एकच उत्तर, ‘कंचा ॲप, सायेब?’ त्याला वाटलं लोक लाजतात, किंवा काहीतरी बिघडलंय. त्याने ॲप पुन्हा लिहिलं. अक्षरं मोठी केली. आवाज घातला. दिवसदिवस खोलीत बसून स्वतःची चूक शोधायचा. एवढे लोक आले आणि गेले, का गेले? काय आवडलं नाही त्यांना? दाढी वाढली, जेवण तुटलं. आणि मग एक दिवस माझ्याकडे आला — अर्थात माझ्याकडेच — आणि म्हणाला, ‘ताई, लोकांनी घेतलं ते तू डोळ्यांनी बघितलंस ना? मग वापरत का नाय? माझं काय चुकलं, ते तरी सांग.’

त्याच वेळी सांगायचं होतं. दुकानात कोणी नव्हतं. सर्व्हर चालू होता. एकही सबब नव्हती. तोंड उघडलं ते मी सांगायलाच, असं मला आजही वाटतं. पण बाहेर पडलं ते असं — ‘काका सांगत असतील लोकांना. मोबाइल नको, सरळ या म्हणून. जुनी माणसं. त्यांना कशाला हवंय हे सगळं?’

कुठून आलं हे माझ्या तोंडात? काकांनी माझं काय वाईट केलं होतं? माझ्या लग्नातला तांदूळ त्यांनी फुकट भरडून दिला होता.

नितीनने लॅपटॉप उघडून पाहिलं. सगळे नंबर काकांच्याच फोनवरून पडलेले. झालं, पुरावाच मिळाला. म्हातारा लोकांना हात लावू देत नाही, स्वतःच टाकतो, म्हणजे ॲप मरेल कसं हेच बघतो. तो तसाच गिरणीवर गेला. लोकांसमोर काकांना नको ते बोलला. म्हणाला, ‘तुमाला नको होतं तर तोंडावर सांगायचं होतं.’ भिंतीवरचा फलक उपटून काढला. काकांना काहीच कळलं नाही. गिरणी चालू होती, त्यांना अर्धं ऐकूही गेलं नसेल. ते म्हणे नुसते म्हणत होते, ‘अरं, बस तरी. च्या घे.’

मी तिथे नव्हते. मला आईने फोनवर सांगितलं, आणि मी म्हटलं, ‘नितीन पण ना, डोकं गरम आहे त्याचं.’ असं म्हटलं मी.

कंपनी बंद पडली. पुण्याच्या साहेबाने दुसरा माणूस घेतला होता. नितीन आता मुरबाडला एका कारखान्याच्या गेटवर कॉम्प्युटरवर पास काढतो. आई-बाबांचं सगळं तोच करतो, सायली करते. मला अधूनमधून फोन येतो, बाबांना दाखवून आणलं, काळजी करू नको. मी काळजी करत नाही. मला जे हवं होतं ते मिळालंय. घरी गेले की सायली चहा ठेवते, कप हातात देते, डोळे वर करत नाही. तिने त्या रविवारचं पुन्हा काढलं नाही. तिने नवऱ्याला काही सांगितलं असतं तर त्याने ते ऐकलं असतं का? नसतं. त्याची सोयही मीच करून ठेवली होती.

आणि नितीन कोणी ओळखीचं भेटलं की अजून सांगतो, मी एक गोष्ट केली होती, लोकांनी एवढी उचलून धरली होती, मलाच ती टिकवता आली नाही. मी शेजारी बसून ऐकते. कोणी उचलून धरली नव्हती, बाबा. कोणी सोडूनही गेलं नाही. पण हे मी मनात म्हणते. तो काकांच्या घरी जात नाही. त्यांच्या नातवाच्या बारशालाही गेला नाही.

काका येतात माझ्या दुकानात. गेल्या खेपेला रेशनकार्डाच्या केवायसीला आले होते. कोंड्यात आयुष्य गेलेलं, अंगठ्यावर रेषाच राहिलेल्या नाहीत. मशीन काही घेईना. बसून राहिले, फोन माझ्या हातात दिला. आणि म्हणाले, ‘नित्या येत नाय गो हल्ली. आमचं काय चुकलं तेवढं इचारून ठेवशील का? मी माफी मागीन. लहान हाय म्हणून काय झालं.’

मी म्हटलं, विचारते.

विचारलं नाही. काय विचारणार होते? पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले, केवायसीचं राहिलं होतंच. आल्या आल्या म्हणाले, ‘इचारलंस?’ बाक भरलेला. सर्व्हर नुकताच चालू झालेला, पुन्हा कधी जाईल नेम नाही. मला ते लवकर उरकायचं होतं. मी म्हटलं, ‘हो. बोलले त्याच्याशी. नितीन म्हणतो, झालं गेलं, काकांना मी माफ केलं. पण आत्ताच जाऊ नका त्याच्याकडे, कामात असतो, चिडतो.’

काकांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी दोन्ही हात जोडले — मला, त्या बाकावरच्या लोकांसमोर. म्हणाले, ‘लई उपकार झाले गो पोरी. पोराचं मन मोठं हाय.’ आणि डोळे पुसले.

मी त्यांचा अंगठा हातात धरून मशीनवर दाबला. या वेळी लागला. मी म्हटलं, झालं काका, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.